रेंज नसली तरी समर ऑफ कोड

चंद्रपूर-गडचिरोलीकडची पोरं एक प्रश्न हमखास विचारतात, "दादा, इकडे रेंजच धड नाही. गूगल समर ऑफ कोडला अर्ज करून काय फायदा?"

तर ऐका. हा कार्यक्रम २००५ पासून सुरू आहे. वय १८ पूर्ण हवं. २०२२ पासून तर विद्यार्थी असायचीही अट नाही, ओपन सोर्समध्ये नवखे असाल तरी चालतं. काम घरूनच, वर मानधन. निवडताना मेंटॉर तुमचा प्रस्ताव आणि काम बघतात.

आता रेंजचं. गिट मुळात ऑफलाइन चालतं. अहेरीत, भामरागडात रेंज गेली तरी कमिट करत राहा, आली की पुश करा. मोठा प्रोजेक्ट क्लोन करताना 'डेप्थ १' द्या. जुना सगळा इतिहास उतरत नाही, डेटा वाचतो. मेंटॉरशी बोलणंही बरंचसं लेखीच असतं. सकाळच्या प्रश्नाला संध्याकाळी उत्तर दिलं तरी चालतं.

खरी अडचण वेळेची आहे. अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये असतात आणि आपण तेव्हाच जागे होतो! त्यापेक्षा मागच्या वर्षीची यादी बघून डिसेंबरातच एक प्रोजेक्ट धरा. छोटा बग सोडवा, पॅच पाठवा. "सर, प्लीज गाइड करा" एवढंच लिहू नका. काय करून पाहिलं, कुठं अडलं, एरर काय आली, ते लिहा. मग अर्ज येईपर्यंत मेंटॉर तुम्हाला ओळखत असतो.

आणि निवड नाही झाली तरी स्वीकारलेला पॅच तुमच्याच नावावर राहतो. तो कोणी काढून घेत नाही.

चला, लागा कामाला. भेटू पुढच्या भागात!