मन राहत नाही त्याचे



आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तरीही या विषयावर बोलायला उभे राहिलो, कारण एका माणसाचे आम्ही देणे लागतो.

आमच्या सभासदांत एक फिटर होता. बिघडलेले यंत्र पुढ्यात आले की तहानभूक विसरे. पण हजेरीला रोज उशीर, हत्यारे हरवलेली, कागद अर्धवट. तीन मेमो झाले, मग चार्जशीट आले. चौकशीत त्याची बाजू मांडणारे आम्हीच; आणि आम्हीच त्याला म्हणालो, "अरे, जरा मनावर घे की!" तो म्हणाला, "दादा, मनावर घेतो हो, पण मन राहत नाही." आम्हाला ती पळवाट वाटली. त्याची वेतनवाढ थांबली. आम्ही भांडलो, पण तोंडदेखले.

पुढे त्याचा मुलगा शाळेत बाकावर टिकेना, म्हणून डॉक्टरांकडे नेला. डॉक्टर मुलाविषयी एकेक प्रश्न विचारीत, आणि बापाच्या मनात येई, हे तर माझेच! एकाऐवजी दोघांचे निदान झाले.

या विकाराला एडीएचडी म्हणतात. अवधान कमी, चंचलता फार. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली, तेव्हा त्यांनी याला नैतिक संयमाची उणीव म्हटले. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथात याचे नाव अवधानाशी जोडले गेले. २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी वेगळा निकषही आला. विद्या पुढे गेली. आम्ही मात्र चौकशीच्या त्या खोलीत १९०२ सालातच बसलो होतो.

कामगाराच्या भाषेत सांगतो. इंजिनात ताकद आहे, पण त्याचा गव्हर्नर सैल आहे. लक्ष नसते असे नाही. हवे तेथे लावणे आणि हवे तेव्हा काढणे जमत नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या लाडाने किंवा साखरेने हा विकार होत नाही. जगात शंभर मुलांमागे सुमारे पाचांना तो असतो. मुली बहुधा उड्या मारीत नाहीत, खिडकीबाहेर पाहत बसतात. म्हणून त्या नजरेतून सुटतात. मोठेपणी धावपळ ओसरते, पण अस्वस्थता आत शिरते: विसरणे, लांबणीवर टाकणे, नोकऱ्या सुटणे.

मात्र प्रत्येक खोडकर पोराला हे नाव चिकटवू नका. लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून हवीत, निदान सहा महिने टिकलेली हवीत, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत, आणि त्यांनी जगण्यात अडथळा यायला हवा. झोप कमी, कान अधू, घरात भांडण, यांनीही मूल असेच वागते. निर्णय तज्ज्ञाने करायचा. मेथिलफेनिडेटसारख्या औषधाने पुष्कळांना गुण येतो. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

बाकीचे आपल्या हाती आहे. आमच्या फिटरसाठी काय केले? सूचना तोंडी न देता लिहून दिल्या, एका वेळी एकच काम दिले, आणि फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवला. रिकामी जागा दिसली की हत्यार आठवे. खर्च रंगाच्या एका डब्याचा. हत्यारे हरवणे जवळजवळ थांबले.

थांबलेली वेतनवाढ मात्र परत मिळाली नाही. तिचा फटका त्याच्या ग्रॅच्युइटीलाही बसला. तो हिशेब आम्ही अजून विसरलो नाही.

शिक्षकहो, आईबापहो, मुकादमहो, "मनावर घे" म्हणण्यापूर्वी एकदा विचारा, "बाबा रे, तुला नक्की कुठे अडते?" आम्ही ते विचारले नव्हते.