न दिसणाऱ्या फौजेशी बुद्धिबळ



31 डिसेंबर 1817 च्या रात्री शिरूरच्या छावणीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी पुण्याकडे निघाली. सुमारे पाचशे पायदळ, अडीचशेच्या आसपास स्वार आणि दोन तोफा. सकाळी भीमेजवळ येऊन बघतात तर समोर पेशव्यांची अफाट फौज! कोरेगावात दिवसभर झुंज चालली. रात्री पेशव्यांचं सैन्य हटलं, कारण कंपनीचा जनरल स्मिथ पाठीवर होता. तो जवळ आलाय हे स्टॉन्टनला मात्र कळलेलं नव्हतं. पुण्याकडे निघाल्याचा देखावा करून स्टॉन्टन दुसऱ्या रात्री शिरूरकडे वळला. ही लढाई काही खेळ नव्हती. पेरण्याच्या जयस्तंभावर 49 नावं कोरलेली आहेत, त्यांतली 22 महार सैनिकांची. पण समोरचं दिसत नसताना निर्णय घ्यावा लागणं म्हणजे काय, हे या दोन दिवसांइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

आपल्या बुद्धिबळात सगळं उघडं असतं. ही उणीव हेन्री टेंपल या इंग्रज पत्रकारानं 1899 मध्ये भरून काढली. प्रशियन सैन्यातल्या युद्धखेळावरून त्यानं आपल्या खेळाचं नाव ठेवलं 'क्रीगस्पील'.

तीन पट आणि मोहऱ्यांचे दोन संच पुरतात. दोन खेळाडू एकमेकांकडे पाठ करून बसतात. प्रत्येकाच्या पटावर फक्त त्याचीच फौज. मधल्या पटावर पंच दोन्ही बाजू मांडतो आणि त्याला एकट्यालाच सगळं दिसतं. चाली नेहमीच्याच. चाल होण्यासारखी नसेल तर पंच 'नाही' म्हणतो आणि तुम्ही दुसरी चाल करून बघायची. मोहरा मारला गेला तर कोणत्या घरात, एवढंच तो सांगतो. शह बसला तर उभ्या पट्टीतून, आडव्या, तिरक्या, की घोड्याचा, हेही सांगतो. प्याद्यानं काही मारता येईल का, असं विचारायची मुभा आहे. पंच 'बघा' म्हणाला, तर एकदा तरी प्याद्यानं मारायचा प्रयत्न करावाच लागतो.

खरी गंमत त्या 'नाही'त आहे. हत्ती सरळ पुढे न्यायला गेलात आणि 'नाही' आलं, तर वाटेत कुणीतरी उभं आहे. किंवा हत्ती हलला तर तुमचाच राजा उघडा पडतोय. यांतलं खरं कोणतं? शिवाय तो 'नाही' प्रतिस्पर्ध्यानंही ऐकलेला असतो! नुसत्या चाचपणीसाठी केलेली चाल मान्य झाली, तर ती मागे घेता येत नाही. माझ्या मते पाठ केलेल्या सुरुवातींवर जिंकणाऱ्या मुलांना विचार करायला लावणारा याहून चांगला खेळ नाही.

शिरूरच्या शाळांनी, दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या आणि राज्य राखीव पोलीस दलातल्या बुद्धिबळप्रेमींनी हा डाव जरूर मांडावा. पंच म्हणून मात्र तुमच्यातला सर्वांत जाणकार खेळाडू बसवा. त्याचं एक उत्तर चुकलं तरी सगळा डाव वाया जातो.