न विचारणारा पोस्टमन

(नवी मुंबईतील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'वेबपानांसाठी स्ट्रक्चर्ड डेटा मार्कअप' असं छापलंय. ते वाचूनही आपण इतक्या संख्येनं आलात, याबद्दल आधी आभार मानतो. विषय नावाइतका अवघड नाही. आपल्या शहरातल्या एका पत्त्यापासूनच सुरुवात करू.

सेक्टर 15. कुठला? वाशीत सेक्टर 15 आहे, कोपरखैरण्यात आहे, सीबीडी बेलापूरला आहे आणि पुढे खारघरला गेलात तर तिथेही आहे. सिडकोनं 1970 नंतर हे शहर वसवताना प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वसाहतीत, सेक्टरचे आकडे नव्यानं मोजले. आपल्याला त्याची सवय झालीय. रिक्षावाल्याला नुसतं 'सेक्टर 15' सांगितलं तर तो वळून विचारतो, "कुठला, साहेब?"

माझ्या मावसबहिणीचं बेलापूरला पोळीभाजी केंद्र आहे. काही वर्षांपूर्वी तिची वेबसाइट मी करून दिली. फोटो सुरेख आणि अक्षरं मोठी होती. पानावर 15 हा आकडा तीन ठिकाणी होता: पत्ता सेक्टर 15, नवी मुंबई, घडीची पोळी 15 रुपये, आणि मोठी ऑर्डर किमान 15 माणसांची. महिनाभरात तिचा फोन आला, "अरे, लोक वाशीत उभं राहून मला फोन करतायत!" साइट मी केली होती, त्यामुळे चूक माझ्याच पदरात पडली. सर्च इंजिननं पान वाचलं होतं, पण ते रिक्षावाल्यासारखं वळून विचारत नाही. त्याला जमेल तसा अर्थ ते लावतं आणि पुढे जातं.

वेबपान ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात, ती भाषा मुख्यतः रचना सांगते: हा मथळा, हा परिच्छेद, हा शब्द ठळक. 15 हा सेक्टर आहे, दर आहे की माणसांची संख्या, हे ती सांगत नाही. आपल्याला ते आजूबाजूच्या शब्दांवरून आणि अनुभवावरून कळतं. यंत्राला अंदाज बांधावा लागतो. आता अंदाज पूर्वीपेक्षा बरे बांधले जातात, पण बहिणीच्या गिऱ्हाइकानं कुठं उभं राहावं हे अंदाजावर का सोडायचं?

हा प्रश्न आपल्या टपाल खात्यानं संगणकाच्या कितीतरी आधी सोडवलाय, आणि सोडवणारा माणूस मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतचे कवी आणि नाटककार, आणि केंद्राच्या दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी. देशात एकाच नावाची असंख्य गावं, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले, त्यात अक्षर दिव्य. वेलणकरांनी पत्त्यात सहा आकडी रकाना घातला आणि 15 ऑगस्ट 1972 पासून पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन नेमक्या टपाल कार्यालयाचे. वाशी 400703, बेलापूर 400614, कोपरखैरणे 400709. खारघर 410210, म्हणजे त्याची वाट पहिल्या तीन आकड्यांतच वेगळी होते. बेलापूर तर श्रीरामपूर तालुक्यातही आहे आणि वाशी धाराशिव जिल्ह्यातही. सॉर्टिंगला बसलेल्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नसलं तरी पत्र बरोबर पोचतं, कारण त्यानं जे विचारलं असतं त्याचं उत्तर पाठवणाऱ्यानं आधीच लिहिलेलं असतं.

स्ट्रक्चर्ड डेटा म्हणजे वेबपानाचा पिनकोड, एवढं लक्षात ठेवलंत तरी माझं निम्मं काम झालं.

आता वेबपानाचे हे रकाने कोणी ठरवले? जून 2011 मध्ये गूगल, बिंग आणि याहू हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि त्यांनी 'स्कीमा डॉट ऑर्ग' नावाचा सामायिक शब्दसंग्रह जाहीर केला. त्याच वर्षी रशियाचं यांडेक्सही त्यात आलं. या शब्दसंग्रहामागे महत्त्वाचा वाटा होता आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेल्या रामनाथन गुहा यांचा. दुकान, ग्रंथालय, दवाखाना, कार्यक्रम, पाककृती, नोकरीची जाहिरात, अशा शेकडो प्रकारांची नावं आणि प्रत्येकाखाली कोणते रकाने, हे त्यात ठरलेलं आहे. ही माहिती जेसन-एलडी नावाच्या पद्धतीनं पानाच्या कोडमध्ये एका छोट्या चौकटीत लिहितात; यालाच मार्कअप म्हणतात. वाचकाला ती चौकट दिसत नाही, यंत्राला दिसते. बहिणीच्या पानात मी पुढे जी चौकट घातली, तिचा मराठी तर्जुमा असा:

प्रकार: खाद्यपदार्थांचं दुकान
रस्ता व इमारत: प्लॉट क्रमांक, सेक्टर 15
वस्ती: सीबीडी बेलापूर, नवी मुंबई
पिन: 400614
उघडं: सोमवार ते शनिवार, 11:00 ते 15:00

गंमत बघा, 15 इथंही दोनदा आलाय. पण एक 15 पत्त्याच्या रकान्यात आहे, दुसरा वेळेच्या. घोटाळा व्हायला जागाच नाही.

याचा फायदा काय? पाककृती शोधली की निकालातच फोटो आणि लागणारा वेळ दिसतो, वस्तू शोधली की किंमत दिसते, कार्यक्रम शोधला की तारीख आणि स्थळ दिसतं. याला रिच रिझल्ट म्हणतात. पण 'मार्कअप घाला, पहिल्या नंबरवर या' असं कोणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. गूगल स्वतःच सांगतं की मार्कअपनं पान रिच रिझल्टसाठी पात्र ठरतं, तो मिळेलच याची हमी नाही. पिनकोड लिहिला म्हणून पत्रातला मजकूर सुधारत नाही, तसंच हे.

हमीवरून मला तुर्भ्याचा फळबाजार आठवतो. सध्या हंगाम आहे. हापूसच्या पेटीवर बागायतदाराचा मार्का असतो, गाव असतं, किती डझन ते असतं. व्यापारी आधी लेबल वाचतो. पण दर हंगामात एक तक्रार ठरलेली: पेटीवर देवगड आणि आत कर्नाटकचा आंबा. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तरी ही तक्रार थांबलेली नाही. वेबवरही हेच झालं. लोकांनी स्वतःच्या साइटवर स्वतःलाच पाच तारे दिले. सप्टेंबर 2019 मध्ये गूगलनं ठरवलं की दुकानानं आपल्याच पानावर मांडलेले स्वतःबद्दलचे तारे निकालात दाखवायचे नाहीत. मग निकालात जास्त जागा मिळावी म्हणून जो तो पानाखाली प्रश्नोत्तरं चिकटवू लागला. ऑगस्ट 2023 मध्ये ती सोयही नामवंत सरकारी आणि आरोग्यविषयक साइटींपुरती मर्यादित झाली. लबाडी काहींनी केली, सोय मात्र सगळ्यांची गेली. नियम साधा आहे: चौकटीत जे लिहाल ते वाचकालाही पानावर दिसलं पाहिजे. लेबल एक आणि माल दुसरा असं आढळलं, तर त्या पानाचा रिच रिझल्टचा हक्क जातो.

आता जरा आपल्या घरात डोकावू. मराठी संस्थांच्या वेबसाइटवर कार्यक्रमाची माहिती बहुधा कशी असते? निमंत्रणपत्रिकेचा फोटो. मजकूर म्हणजे चित्र! आणि त्या चित्रात काय? 'सालाबादप्रमाणे यंदाही', 'शनिवारी सायंकाळी ठीक 6.30 वाजता', 'नेहमीच्या सभागृहात'. यंदा म्हणजे कुठलं वर्ष? नेहमीचं सभागृह कोणाच्या नेहमीचं? तीन वर्षांनी तेच पान उघडलं तर कार्यक्रम उद्या आहे की होऊन गेला, हे माणसालाही सांगता येणार नाही. कार्यक्रमाच्या चौकटीत तारीख वर्षापासून लिहितात: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे 5/4 हा एप्रिल की मे हा वाद उरत नाही. वेळेपुढे जागतिक प्रमाणवेळेपासूनचा साडेपाच तासांचा फरक नोंदवला की न्यू जर्सीतल्या मुलालाही बाबांचं व्याख्यान ऑनलाइन कधी ऐकायचं ते कळतं.

यात इंग्रजी किती लागतं? रकान्यांची नावं इंग्रजी आहेत, आतला मजकूर खुशाल मराठी लिहा. फक्त तारीख, वेळ अशा रकान्यांतले आकडे इंग्रजी अंकांत द्या. पान मराठीत आहे हे सांगायला वेगळा रकाना आहे. पर्यायी नावाचाही रकाना आहे, आणि तो आपल्यासाठी फार मोलाचा आहे. कोणी नेरुळ लिहितो, कोणी नेरूळ. कोपरखैरणे रोमन लिपीत तर तीन-चार तऱ्हांनी लिहितात. संस्थेच्या नावाचंही तेच होतं. ती सगळी रूपं आपणच नोंदवलेली बरी. आपण आपल्याबद्दल सांगितलं नाही, तर कुठलीतरी यादी बनवणारी साइट आपल्याबद्दल सांगते, जुन्या फोन नंबरासकट.

करायला फार लागत नाही. वर्डप्रेसवर साइट असेल तर ही चौकट भरून देणारे प्लगिन आहेत. साइट दुसऱ्यानं केली असेल तर त्याला एवढंच विचारा, "आपल्या पानात संस्थेचा आणि कार्यक्रमाचा स्कीमा आहे का?" गूगलच्या 'रिच रिझल्ट्स टेस्ट'मध्ये पानाचा पत्ता टाकला की काय वाचलं गेलं आणि कुठं चुकलं ते फुकटात कळतं. मात्र वेळ बदलली, जागा बदलली तर चौकटही बदला. शिळं लेबल हेही चुकीचंच लेबल.

आज घरी गेल्यावर आपल्या सोसायटीचं, वाचनालयाचं, दुकानाचं पान उघडा आणि कधीच नवी मुंबईत न आलेल्या माणसाच्या नजरेनं वाचा. नोड लिहिलाय का? पिनकोड आहे का? तारखेपुढे वर्ष आहे का? जे नसेल ते उद्या सकाळी लिहून टाका. आणि संयोजकांना नम्र विनंती, सुरुवात या व्याख्यानमालेच्या पत्रिकेपासून करावी: तिच्यावरही वर्ष छापलेलं नाही.