काम सरकारचं, मोजमाप गावाचं

शेततळी, बांधबंदिस्ती, नाला खोलीकरण, पाणंद रस्ते अशी कितीतरी कामं सरकारी योजनांतून आपल्या शिवारात होतात. या कामांसाठी आलेला पैसा पुरता मातीत उतरावा, वाटेत झिरपू नये, यासाठी गावानं काय करावं ते आज पाहू.

आधी एक हिशोब करू. समजा, वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळं मंजूर झालं. बाजूंचा उतार एकास एक धरला, तर तळ २४ मीटर बाय २४ मीटर येतो आणि खोदाई सुमारे २,१९६ घनमीटर होते. आता खोदणाऱ्यानं २ मीटरवरच हात थांबवला आणि कागदावर मात्र ३ मीटर लिहिलं, तर प्रत्यक्ष खोदाई भरते सुमारे १,५७१ घनमीटर. म्हणजे सव्वासहाशे घनमीटर माती न खोदताच तिचे पैसे उचलले गेले. नुकसान पैशावरच थांबत नाही. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. तेव्हा तळ्यात सव्वासहा लाख लिटर पाणी कमी साठणार. पीक ऐन दाण्यावर असताना हेच पाणी कमी पडतं.

हे कसं घडतं? बहुधा काम करून घेणारा, मोजमाप लिहिणारा आणि बिल पुढं पाठवणारा एकाच कचेरीतला असतो. सगळेच काही लबाड नसतात. पण स्वतःच्या कामाला स्वतःच मार्क द्यायचे म्हटल्यावर कोण कमी देईल? आणि कुंपणच शेत खाऊ लागलं, तर राखण कोणी करायची? म्हणून तपासणारा माणूस बाहेरचा हवा, ज्याचा त्या कामात लाभ नाही आणि ज्याला कुणाची भीड नाही.

आपल्या महाराष्ट्राला याचा अनुभव जुना आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात अशा कामांनी लाखो माणसं जगवली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. योजना मोलाची, पण पुढं मस्टरवर खोटी नावं, मजुरांच्या नावावर यंत्राचं काम, अशा तक्रारी होऊ लागल्या. मस्टर कचेरीच्या कपाटात बंद असल्यावर कुणाच्या नावावर किती दिवस मांडले, हे गावाला कळणार कसं?

याला वाट काढली ती राजस्थानातल्या खेडुतांनी. मजदूर किसान शक्ती संघटनेनं २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावी जनसुनावणी भरवली. कामांचे कागद सर्वांसमोर मोठ्यानं वाचले. कागदावरचं काम आणि जागेवरचं काम याचा मेळ गावकऱ्यांनीच घातला. यातूनच सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावानं केलेली हिशोब तपासणी, रूढ झाली. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमानं ती ग्रामसभेकडे सोपवली. ही तपासणी काम करणाऱ्या यंत्रणेपासून स्वतंत्र असावी, असं २०११ च्या नियमांनी ठरवलं. डिसेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी संसदेनं नवा कायदा संमत केला. त्यातही सामाजिक अंकेक्षण आहे.

जलयुक्त शिवार अभियानाचंच पाहा. त्यावर ९,६३३ कोटी रुपये खर्च झाले. देशाच्या महालेखापरीक्षकांनी निवडक १२० गावांतली कामं तपासली. भूजल वाढवण्यात आणि गावं पाण्यानं स्वयंपूर्ण करण्यात फारसं यश आलं नाही, असं २०२० साली विधिमंडळात मांडलेल्या त्यांच्या अहवालात म्हटलं. याचा अर्थ सगळ्याच कामांत चोरी झाली असा नव्हे. पण १२० गावांखेरीज राहिलेल्या हजारो गावांत दिल्ली-मुंबईचा तपासनीस कधी पोचणार? तिथं राखण गावालाच करावी लागेल.

मग गावानं काय करावं?

(१) काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत अंदाजपत्रक वाचून घ्या. लांबी, रुंदी, खोली आणि रक्कम वहीत उतरवा. कामाच्या जागी फलक लावायला सांगा.

(२) कामाशी लागाभागा नसलेली चार-पाच माणसं निवडा. त्यांत मजुरी करणारी एक बाई आणि शाळा शिकलेला एखादा पोरगा असू द्या. ठेकेदाराचा भाऊबंद नको.

(३) मोजणी पावसाआधी करा. तळ्यात पाणी आणि गाळ आला की खोली मोजणं कठीण. टेप लावा, चार ठिकाणी खोली घ्या, तारीख घालून लिहा आणि फोटो काढा.

(४) मस्टरवरची नावं ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. परगावी असलेल्या किंवा वारलेल्या माणसाचं नाव असेल, तर लगेच कळेल.

(५) कागद मिळत नसतील, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. न मिळाल्यास अपील करा. या कायद्यानं कामाची जागेवर पाहणी करण्याचा आणि मालाचा नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. मोजमाप पुस्तिकेची प्रत जरूर मागा.

(६) तपासणीच्या ग्रामसभेचं अध्यक्षपद ज्यानं ते काम केलं त्याच्याकडे देऊ नका. जे आढळलं ते ठरावात लिहून घ्या. वहीत न उतरलेली तक्रार वाऱ्यावर जाते.

(७) कुणी लाच मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन १०६४ आहे.

आणखी एक सांगायचं. तपासणी म्हणजे भावकीचं किंवा पार्टीचं उट्टं काढणं नव्हे. विरोधकाच्या वॉर्डातली तळी तेवढी मोजायची आणि आपल्या माणसाची सोडायची, असं केलं तर पुढच्या खेपेला कुणी विश्वास ठेवणार नाही. टेप सगळ्यांना सारखा लावा. काम चांगलं झालं असेल, तर तेही ठरावात लिहा. प्रामाणिक अभियंत्याला आणि सरपंचाला त्याचा आधार होतो.

एकट्यानं विचारलं की माणूस डोळ्यांवर येतो. म्हणून चारजण मिळून विचारा आणि ग्रामसभेत विचारा. येत्या उन्हाळ्यात आपल्या गावचं निदान एक काम तरी टेप लावून मोजा.