समुद्रकाठचे गायरान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे स्कॉटलंडला जाण्याचा योग आला. तिकडे काय पाहिले ते सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह. किल्ले-राजवाडे आपण चित्रांत पाहतोच. मी आज एका माळाविषयी बोलणार आहे.

सेंट अँड्र्यूज हे समुद्रकाठचे लहानसे गाव. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची, खुरट्या गवताची, उंचसखल जमीन आहे. अशा जमिनीला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. तेथे पीक येईना, म्हणून लोकांनी मेंढरे चारली, धुणी वाळवली आणि गोल्फ खेळले. पाऊस वाळूत मुरतो, चिखल होत नाही. मैदानातले खड्डे वाऱ्याच्या आडोशाला बसणाऱ्या मेंढरांनी केले, असे सांगतात. म्हणजे आपले गायरानच की! तेथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ सालच्या सनदेत मान्य झाला आहे.

तेथील 'ओल्ड कोर्स' जगात नावाजलेले. पण ते कोणा धनिकाचे नाही, सार्वजनिक आहे. परगावच्या पाहुण्यालाही नाव घालून, चिठ्ठी निघाली तर खेळता येते. रविवारी एरवी खेळ बंद असतो. त्या दिवशी बायामुले त्यावरून खुशाल फिरतात. मीही पदर खोचून ओढ्यावरच्या त्या प्रसिद्ध दगडी पुलावरून चालत गेले. वारा मात्र असा, की बालाघाटावरचा वारा त्यापुढे झुळूकच!

त्याच माळावर 'हिमालय' नावाचे लहान मैदान आहे, नुसते उंचवटे नि खळगे. बाईमाणसाने खांद्यावर हात नेऊन काठी फिरवणे त्या काळी अशोभनीय मानीत. म्हणून चेंडू हलकेच ढकलून गुब्बीत घालायचा एवढाच खेळ बायकांच्या वाट्याला आला. पण त्यांनी १८६७ मध्ये आपले मंडळ काढले, आणि ते आजही चालू आहे. शेजारच्या पुरुषांच्या क्लबाने, १७५४ सालच्या, बायकांना सभासद करून घेण्याचा ठराव केला तो २०१४ साली! बायका तोवर दाराशी थांबल्या नाहीत. आपल्या खेळत राहिल्या.

थोडे पैसे भरून काठी-चेंडू घेतला आणि लेकीबरोबर मीही खेळले. चेंडू उंचवट्यावरून परत पायाशी यायचा. शेजारी एक आजीबाई नातवाशी चुरशीने खेळत होत्या. कोणी कोणाकडे टक लावून पाहत नव्हते.

आपल्याकडे गायरान म्हणजे कोणाचेच नाही असे धरून जो तो कोपरा बळकावतो. तेथे ते सर्वांचे म्हणून राखले गेले. आपल्या मैदानावर संध्याकाळी मुलगे खेळतात आणि मुली कुंपणाशी उभ्या राहून बघतात. लंगडीला, खो-खोला काठीही लागत नाही. लागते ती जागा. आठवड्यातून दोन संध्याकाळी एकेक तास मैदान बायका-मुलींना मिळावे, असा अर्ज मी लिहून आणला आहे. तो दाराजवळच्या मेजावर ठेवला आहे. हळदीकुंकू घेऊन जाताना प्रत्येकीने सही करावी, एवढेच मागून माझे बोलणे संपवते.