घड्याळाचे तास आणि हवेतले तास



माझे शिक्षण सातवीत थांबले. पुढचे सारे वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. मुंबईहून लंडनला विमानाने किती वेळ लागतो, हा हिशेब मात्र मी एका फजितीतून शिकलो.

विमानातील सेवकांच्या कामाच्या तासांबद्दल आमची एका कंपनीशी बोलणी चालू होती. हिवाळ्याचे दिवस. मी वेळापत्रक पुढे सरकवून म्हणालो, "लंडनहून रात्री ९ ला सुटलेले विमान मुंबईस सकाळी ११ ला उतरते. १४ तास माणूस कामावर!" समोरचे साहेब शांतपणे म्हणाले, "आणि जाताना दुपारी दीडला सुटून संध्याकाळी ६ ला पोचता. म्हणजे तुमची माणसे साडेचारच तास काम करतात, असे धरू का?" मी गप्प झालो. वेळापत्रकात प्रत्येक गावची वेळ त्या गावच्या घड्याळाची असते, हे ठाऊक असूनही बोलण्याच्या भरात विसरलो होतो.

घरी येऊन मुलीचा पृथ्वीचा गोल आणि एक दोरा घेऊन बसलो. सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ इराक-सीरियावरून जाते. गोलावर दोरा ताणला, तर तो कॅस्पियन समुद्र, युक्रेन असा बराच उत्तरेकडून जातो. आणि खरा जवळचा मार्ग तोच. गोलाचा विषुववृत्ताशी घेर भरला ९४ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात ४०,००० किलोमीटर. दोरा भरला १७. त्रैराशिक मांडले की सुमारे ७,२०० किलोमीटर येतात. घरी गोल असेल त्याने आज रात्री करून पाहावे.

अर्थात विमान नेमके दोऱ्यावरून जाईलच असे नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्धामुळे युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले, तेव्हा वळसा आलाच.

तासाला ८५० किलोमीटर वेग धरला, तर साडेआठ तास होतात. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वेगळा. शिवाय त्या उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून जाताना सुमारे १० तास आणि येताना साडेआठ.

राहिले घड्याळ. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, लंडनची शून्याची. फरक साडेपाच तासांचा. (उन्हाळ्यात ते लोक काटे तासभर पुढे करतात, तेव्हा साडेचारच.) जातानाच्या साडेचारांत साडेपाच मिळवले की १०, येतानाच्या १४ मधून वजा केले की साडेआठ. गंमत अशी, की साडेचार आणि १४ मिळून साडेअठरा, आणि १० व साडेआठ मिळूनही साडेअठराच! जाण्यायेण्याची बेरीज घेतली असती, तर मलाही चूक करता आली नसती आणि साहेबांनाही टोमणा मारता आला नसता.

पुढच्या बैठकीत साडेअठरा दोघांनीही मान्य केले. मग निराळ्याच तासांचे भांडण निघाले. हे साडेअठरा मोजले जातात ते विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. विमानातली सेविका त्याच्या कितीतरी आधी विमानतळावर हजर असते, आणि शेवटचा उतारू उतरल्याखेरीज तिचा पाय बाहेर पडत नाही. तेव्हा आम्ही एका सेविकेलाच खोलीत बोलावले, आणि ती घरून किती वाजता निघाली होती, तेथून हिशेबाला पुन्हा सुरुवात केली.