कर्करोग्याच्या घरीं जातांना



कर्करोगावरील बहुतेक जहाल औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींचा संहार करितात. हाडांच्या मज्जेंत तयार होणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींनाही त्यांचा तडाखा बसतो. औषध दिल्यावर सामान्यतः ७ ते १४ दिवसांच्या सुमारास ह्या पेशी फारच कमी होतात, आणि निरोगी मनुष्यास सहसा न बाधणारे जंतु रोग्याच्या फुप्फुसांत ठाण मांडतात. कुजलेला पाला, ओल आलेल्या भिंती व बांधकामाची धूळ यांत असणारी अॅस्परजिलस नांवाची बुरशी त्यांपैकींच होय. आपल्या देशांत तर दडून राहिलेला क्षयही अशा वेळीं डोकें वर काढितो.

तथापि हें संकट अटळ नव्हे. अमेरिकेंतील मेम्फिस शहरीं, निराधारांचे कैवारी संत ज्यूड यांच्या नांवानें, डॅनी थॉमस या कॅथोलिक नटानें नवस फेडण्यासाठीं मुलांचें रुग्णालय स्थापिलें. तें १९६२ सालीं उघडलें. तेथें रक्ताच्या कर्करोगाशीं झुंजणारीं कित्येक मुलें न्यूमोसिस्टिस नामक जंतूच्या न्यूमोनियानें दगावत. डॉ. वॉल्टर ह्यूज यांनीं ८० रोग्यांस कोट्रायमॉक्झॅझोल व ८० रोग्यांस औषधासारखा दिसणारा निर्गुण पदार्थ दिला. दुसऱ्या गटांत १७ जणांस तो न्यूमोनिया झाला. पहिल्यांत एकासही नाहीं. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेला हा उपाय योग्य रोग्यांस आजही देतात.

आतां आपलें कर्तव्य. पांढऱ्या पेशीच नसल्यानें कफ, पू हीं लक्षणें दिसतीलच असें नाहीं. केवळ ताप हीच काय ती सूचना. म्हणून ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला कीं सकाळची वाट पाहूं नये, ताप उतरविण्याची गोळी देऊन स्वस्थ बसूं नये. तडक इस्पितळ गांठावें. जंतुनाशक औषध शक्य तों तासाभरांत सुरू व्हावें लागतें.

आजाऱ्यास भेटावयास घोळक्यानें जाण्याची आपली रीत प्रेमाची आहे. परंतु ज्यास सर्दी वा खोकला आहे त्यानें घरींच राहावें. इतरांनीं हात धुऊन, थोडकेच जावें. रोग्याच्या खोलींत झाडझूड करून धूळ उडवूं नये. उंबऱ्यावरूनच परत फिरणाऱ्यानेंही रोग्याची सेवाच केली, असें समजावें.